सप्तकाची वीत

१९८४ सालच्या अखेरीस जपानच्या कॅसिओ कंपनीने ‘सीझेड-१०१’ नावाचा एक सिंथेसायझर विक्रीस काढला, आणि पाठोपाठ, आतील यंत्रणा व नाद निर्माण करण्याची रीत यांत काडीचाही फरक न करता, ‘सीझेड-१०००’ नावाचे त्याचे भावंड बाजारात आणले. दोहोंना पट्ट्या ४९. मुख्य भेद एवढाच, की पहिल्याच्या पट्ट्या बारक्या होत्या आणि दुसऱ्याच्या पियानोच्या मापाच्या. ग्राहकापुढे इतका स्वच्छ पर्याय क्वचितच ठेवला गेला असेल: नाद तोच, पट्टी तेवढी आपल्या पसंतीची निवडा. आज चाळीस वर्षांनंतर या दोहोंपैकी ज्याचे नाव जाणकारांच्या तोंडी अधिक येते ते बारक्या पट्ट्यांचेच. इंग्लंडातील ‘इरेजर’ या संगीतमंडळीतील व्हिन्स क्लार्क यांच्यासारख्या नामवंताने ते आपल्या ध्वनिमुद्रणांत आवडीने वापरले. शिवाय ते बॅटरीवर चालत असे आणि गळ्यात अडकवून गिटारीसारखे उभ्याने वाजवता येत असे.

आपल्याकडे मात्र बारकी पट्टी म्हटली की संगीतशिक्षकाच्या कपाळावर आठी उमटते. ‘हे खेळणे आहे, हे परत करा आणि मोठ्या पट्ट्यांचे आणा’ हा निकाल तो पालकांना उभ्याउभ्याच सुनावतो, आणि वाढदिवसाची भेट म्हणून हौसेने ‘कॅसिओ’ घेऊन आलेले काका ओशाळे होतात. या निकालात तथ्य नाही असे नाही, उलट पुष्कळच आहे. परंतु त्यात दोन निरनिराळ्या बाबींची सरमिसळ झालेली असून ती सोडवल्यावाचून या मामल्याचा न्याय्य निवाडा होणे नाही. पट्टीचा लहानपणा ही एक बाब आणि पट्टीचा हलकेपणा ही दुसरी. कारखानदारांनी वर्षानुवर्षे या दोन्ही गोष्टी बहुधा एकाच खोक्यात घालून विकल्या, सबब लोकांनीही त्या एकच मानल्या, आणि दुसरीचा कसूर पहिलीच्या माथी मारला गेला.

प्रथम ज्याला आपण पूर्ण माप म्हणतो त्याची सनद तपासून पाहू. पियानोची पांढरी पट्टी सुमारे २३.५ मिलीमीटर रुंद असते. म्हणजे सात पांढऱ्या पट्ट्यांचे एक सप्तक सुमारे साडेसोळा सेंटिमीटरांचे, आणि ५२ पांढऱ्या व ३६ काळ्या मिळून ८८ पट्ट्यांचा सबंध पट सव्वा मीटरच्या किंचित आतला. हे माप नादशास्त्राच्या कोणत्याही नियमातून निघालेले नाही. स्वराची उंची तारेची लांबी, जाडी व ताण यांवर अवलंबून. बोटाखालच्या लाकडाच्या रुंदीशी तिला कर्तव्य नाही, आणि विजेवर चालणाऱ्या वाद्यात तर तारही नाही. अठराव्या शतकातील हार्पसिकॉर्ड आणि मोझार्टच्या काळचे पियानो पाहिले तर त्यांचे सप्तक पुष्कळदा सोळा सेंटिमीटरांच्या आसपास भरते. पुढे एकोणिसाव्या शतकात पियानो दिवाणखान्यातून विशाल सभागृहात गेला, लाकडी चौकटीच्या जागी लोखंडी चौकट आली, तारा जाड व हातोड्या वजनदार झाल्या, आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात पट्टीचे आजचे माप स्थिरावले. त्या सभागृहांतून मैफली गाजवणारे वादक बहुतांशी पुरुष होते, आणि त्यांच्यासाठी लिहिलेल्या रचनांत हात ताणून धरण्याचे प्रसंग पदोपदी येतात, हे येथे ध्यानात ठेवावे.

कारण प्रश्न अखेर वितीचा आहे. अंगठा आणि करंगळी ताणून पसरली असता जे अंतर भरते त्यावर वादक सप्तकाच्या दोन्ही टोकांचे षड्ज एकदम धरू शकेल की नाही, आणि धरले तर मधल्या बोटांना काही मोकळीक राहील की नाही, हे ठरते. ऑस्ट्रेलियातील ऱ्होंडा बॉयल आणि त्यांचे सहकारी यांनी ४७३ पियानोवादकांच्या विती मोजून २०१५ साली जी पाहणी प्रसिद्ध केली तीत पुरुषांची सरासरी वीत ८.९ इंच आणि स्त्रियांची ७.९ इंच आढळली. एक इंचाचा हा फरक बोलण्यात क्षुल्लक वाटतो. परंतु पट्ट्यांच्या हिशेबात तो एक सबंध पांढरी पट्टी आणि वर थोडे, इतका पडतो. जी रचना एका वादकाच्या हाताला सहज पेलते तीच दुसरीच्या मनगटाला ओढ लावते, आणि हा दोष रियाजाने भरून निघणारा नसतो, कारण हाडे रियाजाने वाढत नाहीत.

व्हायोलिनच्या प्रांतात हा अन्याय कोणीच सहन केला नाही. तेथे अर्ध्या, पाव, आठवा हिस्सा अशा मापांची वाद्ये राजरोस मिळतात, आणि मूल वाढेल तसे त्याच्या हाती मोठे वाद्य द्यावे ही वहिवाट आहे. पियानोने मात्र सगळ्या गावाला एकाच मापाची वहाण घालण्याचा हट्ट धरला. अपवाद केले गेले ते थोरांसाठी: जोसेफ हॉफमन हा विसाव्या शतकातील अव्वल दर्जाचा वादक, त्याचे हात लहान म्हणून स्टाइनवे कंपनीने किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो त्याला खास घडवून दिले. सामान्यांसाठी ती तजवीज करण्याची खटपट बऱ्याच उशिरा झाली. कॅनडातील ख्रिस्तोफर डॉनिसन हे पियानोवादक आणि अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातील डेव्हिड स्टाइनबुलर हे कारखानदार या दोघांनी मिळून रूढ साडेसहा इंची सप्तकाच्या जोडीला सहा इंचांचे आणि साडेपाच इंचांचे अशी आणखी दोन मापे प्रचारात आणली. साडेपाच इंच म्हणजे सुमारे चौदा सेंटिमीटर. आता, बऱ्यापैकी प्रतीच्या विद्युत्-वाद्यांतील बारकी पांढरी पट्टी साधारण वीस मिलीमीटरांच्या आसपास असते. तिला सातांनी गुणले तरी चौदाच सेंटिमीटर येतात. तेव्हा पियानोत ज्या मापाला सुधारणा म्हणून गौरवायचे, त्याच मापाला सिंथेसायझरवर खेळणे म्हणून हिणवायचे, हा न्याय मला तरी समजत नाही.

कारखानदारांनी मात्र पट्टी लहान केली ती लहान हातांच्या कळवळ्याने नव्हे, किफायतीसाठी. हे निखालस कबूल केले पाहिजे. १९८० च्या दशकाच्या आरंभी गणकयंत्रे बनवणाऱ्या कॅसिओने ‘व्हीएल-१’ नावाचे जे चिमुकले वाद्य काढले त्याला पट्ट्या अशा नव्हत्याच, गणकयंत्राच्या बटणांसारखी बटणे होती, आणि ते खरोखरच हिशेबही करीत असे. १९८१ साली आलेल्या ‘एमटी-४०’ या वाद्याला ३७ बारक्या पट्ट्या होत्या. ओकुदा हिरोको या नुकत्याच नोकरीस लागलेल्या तरुणीने त्यात भरलेला एक तयार ठेका पुढे जमैकात पोहोचला, आणि १९८५ साली वेन स्मिथ हा गायक व किंग जॅमी हा निर्माता यांनी त्यावर बांधलेल्या ‘अंडर मी स्लेंग टेंग’ या गाण्याने त्या बेटावरील लोकप्रिय संगीताचा सबंध कारभारच वाद्यवृंदाकडून यंत्राकडे वळवला. यामाहा कंपनीचा बारक्या पट्ट्यांचा ‘डीएक्स-१००’ डेट्रॉइटच्या टेक्नो संगीतकारांच्या हाती पडला, तो मुख्यतः स्वस्त होता म्हणून. आणि २००२ साली आलेला कॉर्गचा ‘मायक्रोकॉर्ग’, ३७ बारक्या पट्ट्यांनिशी, वर्षानुवर्षे खपत राहिला. मोठ्या वाद्यांची ऐपत नसलेल्या माणसांच्या हाती ही वाद्ये गेली, आणि त्या माणसांनी त्यांतून जे काढले ते मोठ्या वाद्यांच्या मालकांना सुचले नव्हते.

किफायतीचा हिशेबही एकदा मांडून पाहण्याजोगा आहे, कारण तो वाटतो तितका मोठा नाही. तीन सप्तकांच्या ३७ पट्ट्यांत पांढऱ्या असतात २२. पूर्ण मापाने त्यांची रुंदी सुमारे ५२ सेंटिमीटर, वीस मिलीमीटरच्या पट्टीने ४४. वाचले ते आठ सेंटिमीटर. पाच सप्तकांच्या ६१ पट्ट्यांत हीच बचत साडेबारा सेंटिमीटरांवर जाते. खरी बचत लांबीत होते: पियानोच्या पट्टीचा दिसणारा भाग सुमारे १५ सेंटिमीटर लांब असतो, आणि तो बारक्या पट्टीत पुष्कळच छाटलेला असतो. त्यामुळे वाद्य चपटे व हलके होऊन पाठीवरच्या पिशवीत मावते, अथवा संगणकाच्या पुढ्यात टेबलावर ठेवता येते. ज्याला मुंबईच्या एका खोलीच्या घरात, सगळे निजल्यावर, कानाला हेडफोन लावून चाल बांधायची आहे त्याला ही सोय लाखमोलाची होय.

परंतु नेमकी ही छाटलेली लांबीच पुढे दगा देते, आणि लोकांच्या तक्रारीचे मूळ माझ्या मते रुंदीत नसून येथे आहे. पट्टी ही एक तरफ असते आणि तिचा टेकू मागच्या अंगाला, नजरेआड, असतो. पियानोत तो दिसणाऱ्या भागाच्याही पलीकडे बराच आत असल्यामुळे पट्टी पुढच्या कडेला दाबली काय अथवा काळ्या पट्ट्यांच्या बेचक्यात दाबली काय, बोटाला लागणाऱ्या बळात होणारा फरक बेताचा राहतो. स्वस्त बारक्या पट्टीत टेकू अगदी नजीक आलेला असतो. पुढच्या कडेला ती फुलासारखी दबते आणि बेचक्यात तीच दगडासारखी अडून बसते. त्यातून स्वरांचे वजन असमान होते, आणि वादकाला वाटते की आपलाच हात बिघडला.

दुसरी गोष्ट पट्टीच्या बुडण्याची. ज्या वाद्याला स्पर्शाचे भान असते, म्हणजे हळू दाबल्यास मंद आणि जोराने दाबल्यास मोठा नाद निघतो, त्यात पट्टीखाली रबराची एक घुमटी असते आणि तिच्या पोटात काळ्या कार्बनच्या दोन टिकल्या एकीपाठोपाठ एक खालच्या मंडलाला टेकतात. पहिली टेकल्यापासून दुसरी टेकेपर्यंत किती वेळ गेला एवढेच यंत्र मोजते. वेळ थोडा तर आघात जोराचा, वेळ अधिक तर हलका. पियानोची पट्टी सुमारे दहा मिलीमीटर खाली जाते. तो प्रवासच आखडला की मोजण्यास उरणारा अवधीही आखडतो, आणि ‘फार हळू’ व ‘फार जोरात’ यांच्या मधल्या ज्या शेकडो छटांत वादनाचा जीव असतो त्या यंत्राच्या हाती लागेनाशा होतात. मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अगदी स्वस्त वाद्यांत ही यंत्रणाही नसते: कसेही दाबा, आवाज तेवढाच.

रुंदीची म्हणून जी खरी अडचण आहे ती काळ्या पट्ट्यांच्या मधल्या फटीची. पूर्ण मापातही दोन काळ्या पट्ट्यांमधली पांढरी चिंचोळी जागा मोठ्या माणसाच्या बोटाला जेमतेम पुरते. ती सुमारे सातव्या हिश्श्याने कमी झाली की जाड बोटांचा गृहस्थ शेजारचे कोमल स्वरही नकळत उठवतो. त्यावर उपाय म्हणजे काळ्या पट्ट्या अधिक निमुळत्या करणे, आणि जे कारखानदार हे कष्ट घेतात त्यांचा माल वेगळा ओळखू येतो. यामाहाने २०१५ साली काढलेल्या ‘रीफेस’ मालिकेत पट्ट्या ३७ आणि बारक्याच होत्या. परंतु त्यांची घडण आपल्या मोठ्या सिंथेसायझरच्या पट्ट्यांच्या धर्तीवर केली होती. लहानपणा आणि हलकेपणा यांची फारकत होऊ शकते याचा तो एक चांगला दाखला.

आता आपल्या पेटीकडे वळू, कारण महाराष्ट्रात की-बोर्ड हाती धरणारा पुष्कळदा पेटीवरूनच त्याकडे आलेला असतो, आणि त्याचा हात पियानोवादकाच्या हातापेक्षा निराळ्या संस्कारात घडलेला असतो. गोविंदराव टेंबे यांच्यापासून तुळशीदास बोरकर यांच्यापर्यंतची आपली पेटीवादनाची थोर परंपरा एका उजव्या हाताची आहे, डावा भात्यावर. पेटीचा पट बहुधा तीन ते साडेतीन सप्तकांचा असतो, तेव्हा ३७ पट्ट्यांचे वाद्य पेटीवाल्याला आखूड वाटत नाही. मुख्य म्हणजे आपले संगीत एकेक स्वर गुंफत जाणारे. त्यात बोटे पळतात, परंतु दहा-दहा पट्ट्यांवर हात ताणून स्वरसंघात धरण्याचे प्रसंग फारसे येत नाहीत. तेव्हा अरुंद सप्तकाचा जो मोठा फायदा, तो आपल्याला तितकासा उपयोगाचा नाही. उलट जलद तानेत बोटांना एकमेकांची अडगळ होण्याचा तोटा मात्र पुरेपूर पदरात पडतो.

छाटलेल्या लांबीचा जाचही पेटीवाल्याला अधिक होतो. समजा, गायकाची पट्टी काळी एक आहे आणि यमन गायला जात आहे. षड्ज काळी एक, ऋषभ काळी दोन, गांधार पांढरी चार, तीव्र मध्यम पांढरी पाच, पंचम काळी चार, धैवत काळी पाच, आणि निषाद पुढल्या सप्तकातली पांढरी एक. सातांपैकी चार स्वर काळ्यांवर असल्यामुळे हात आपोआप आत सरकतो आणि गांधार-मध्यम ज्या पांढऱ्या पट्ट्यांवर घ्यायचे त्या त्यांच्या मागच्या अंगाला दाबाव्या लागतात. म्हणजे जेथे बारकी पट्टी सर्वांत ताठ, तेथेच. यमनातील गांधार दबका लागला तर त्या साथीला काय अर्थ राहिला? पियानोच्या प्राथमिक धड्यांत, जेथे बहुतेक बोटे पांढऱ्यांच्या पुढच्या कडेवरच नाचतात, हा दोष ध्यानातसुद्धा येणार नाही.

यावर की-बोर्डवाले हसून म्हणतात, की ट्रान्सपोजचे बटण दाबा आणि पांढरी एकवरून वाजवा, गायकाला हवी ती पट्टी यंत्र देईल. तसे केल्यास यमनात तीव्र मध्यम तेवढा काळीवर राहतो आणि बाकीचे सहाही स्वर पांढऱ्यांवर येतात. बारक्या पट्टीची अडचण जवळजवळ संपते. ही मुभा मोठी आहे खरी. परंतु जो मुलगा जन्मभर पांढरी एकवरूनच वाजवत आला त्याला एखाद्या भजनी मंडळात साधी पेटी पुढे सरकवून ‘बुवांची काळी चार आहे’ असे सांगितले की त्याचे हातपाय गळतात. बुवा तोवर गायला लागलेले असतात.

मुलांच्या बाबतीत माझे मत शिक्षकांच्या शिरस्त्याहून थोडे निराळे आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या पंजाला बारक्या पट्टीवर पाच बोटे पाच स्वरांवर सहज ठेवता येतात, आणि कॅसिओच्या ‘एसए’ मालिकेतल्यासारखी ३२ किंवा ४४ पट्ट्यांची वाद्ये त्या वयाला गैरलागू नाहीत. त्यांचा खरा दोष स्पर्शाचे भान नसणे हा आहे. मूल लहान-मोठ्या आघाताचा विवेक शिकतच नाही, आणि तो नंतर शिकवणे जिकिरीचे होते. म्हणून स्वर ओळखणे, ऐकलेली चाल शोधून काढणे यांसाठी वर्ष-दोन वर्षे ते वाद्य जरूर असावे. पाश्चात्त्य पद्धतीच्या परीक्षांचा बेत असेल तर पूर्ण मापावर लवकर जावे, आणि पेटी शिकायची असेल तर सरळ पेटीच घ्यावी. तबला-तानपुऱ्याचे आवाज घालून भारतासाठी म्हणून काढलेली यामाहाची ‘पीएसआर-आय’ मालिकेतली वाद्ये ६१ पूर्ण मापाच्या पट्ट्यांची आहेत.

एका मापावरून दुसऱ्यावर जाताना हात बिघडतो ही भीती अतिशयोक्त आहे. अकॉर्डियनच्या पट्ट्या पियानोच्या पट्ट्यांहून अरुंद असतात, तरी पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांच्यासारख्या वादकांनी त्यांवर हिंदी चित्रपटसंगीतात जे काम केले ते सर्वश्रुत आहे. हाताला दोन मापे पाठ करता येतात. मात्र ती मापे स्थिर हवीत. बारक्या पट्ट्यांच्या बाबतीत अशी एकवाक्यता कोणत्याच कारखानदाराने दाखवली नाही. प्रत्येकाचे माप वेगळे, एवढेच नव्हे तर एकाच घराण्याच्या दोन मालिकांचेही वेगळे, आणि त्यामुळे एका बारक्या वाद्यावर कमावलेली सफाई दुसऱ्या बारक्या वाद्यावर चालत नाही. लहान हातांच्या वादकांची बाजू घेणाऱ्यांनी साडेपाच आणि सहा इंच अशी मापे ठरवून टाकली ती याचसाठी, आणि विद्युत्-वाद्यांच्या धंद्याने त्यांतले एखादे जरी स्वीकारले असते तर निम्मी तक्रार मिटली असती.

तोवर घेणाऱ्याने दुकानातच परीक्षा करावी हे बरे. वाद्याचा आवाज किती प्रकारचा आहे हे विक्रेता आपण होऊन दाखवील. ते बाजूला ठेवून एक पांढरी पट्टी पुढच्या कडेला दाबावी आणि मग तीच काळ्यांच्या बेचक्यात अंगठ्याने दाबावी, दोन्ही वेळा एकसारखा नाद सहजी निघतो का पाहावे. हळू आणि जोरात यांत फरक कळतो का ऐकावे. आणि काळी एकवरून एक सबंध यमन, मध्य लयीत का होईना, वाजवून घ्यावा. जुना माल घेत असल्यास खबरदारी अधिक. घुमट्यांवर साचलेली धूळ वाद्य खोलून साफ करता येते आणि मुके झालेले स्वर पुन्हा बोलू लागतात. मोडलेली बारकी पट्टी मात्र बदलून मिळणे कठीण, कारण तिचे माप दुसऱ्या कोणत्याच वाद्याला लागू पडत नाही. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी प्रत्येक पट्टी, अगदी दोन्ही टोकांच्या सहसा न लागणाऱ्यासुद्धा, एकदा दाबून पाहावी.